ऊसतोडीच्या गावातला संगीतवर्ग : प्रकल्प नोंदी, जून २०२४ ते एप्रिल २०२५

२४ जून २०२४, सोमवार

बीड जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी. संगीतवर्गाला चौथी ते सातवीची ४१ मुले: २३ मुली, १८ मुलगे. त्यांतली सोळा दोन किलोमीटरवरच्या तांड्यावरून चालत येतात. शिकवायला चौघे. गायनाला दोन, पेटीला एक, आणि तबल्याला गावातल्याच भजनी मंडळाचे वादक, ज्यांना सगळी शाळा आधीपासून ‘काका’ म्हणते.

वेळ: मंगळवार आणि शुक्रवार, शाळा सुटल्यावर ५ ते सव्वासहा, सगळ्यांसाठी. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ११ ते साडेबारा, फक्त वाद्यांचा गट.

वर्षाचे गणित आजच मांडले. मागच्या वर्षीच्या हजेरीपटावर दिवाळीनंतर निम्म्या नावांपुढे रेघा आहेत. ही मुले आईबापांबरोबर साखर कारखान्यावर जातात आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावरच परततात. म्हणून दहा महिन्यांचा अभ्यासक्रम करायचा नाही, सतरा आठवड्यांचा करायचा. दिवाळीआधी प्रत्येक मुलाच्या हाती काहीतरी पुरे झालेले हवे. अर्धा राग, अर्धा ताल कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीत) नेऊन उपयोग नाही.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’ या पहिल्या परीक्षेला मुले बसवावीत का, यावर बोलणे झाले. त्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर या दोन सत्रांत होतात. नोव्हेंबरमध्ये मुले नाहीत, एप्रिलमध्ये नुकतीच आलेली किंवा यायचीच. यंदा परीक्षा नाही.

सामान: जुनी पेटी १ (साडेतीन सप्तके, दोनसुरी), तबला-डग्गा २ जोड, टाळ १२ जोड (सहा देवळाचे), फोनवरचा तानपुरा, पत्र्याची कुलपाची पेटी १.

२८ जून, शुक्रवार

हार्मोनियमची तपासणी. सगळी बटणे बंद करून भाता भरला. आतला भाता बराच वेळ फुगलेला राहायला हवा, तो आठ सेकंदांत बसला. गळती कुठे हे हाताला कळेना. पंखा बंद करून उदबत्ती जोडांजवळून फिरवली, उजव्या कोपऱ्यात धूर वाकला. तिथली कातड्याची पट्टी झुरळांनी खाल्लेली. नवी पट्टी फेविकॉलने चिकटवून रात्रभर वजन ठेवले. आता अर्धा मिनिट टिकते, वर्गाला पुरे.

मधल्या सप्तकातला एक सूर मुका होता. फळी उघडून सुराच्या जिभेखालून पातळ कागदाची पट्टी एकदाच सरकवली, सुतळीचा धागा निघाला. जीभ बोटाने उचलायची नाही. ती वाकली की सूर बदलतो, आणि मग घासण्याशिवाय इलाज राहत नाही.

२ जुलै, मंगळवार

सूर लावण्याची चाचणी. एकेकाला ओट्यावर बोलावून काळी ४ चा (पेटीची चौथी काळी पट्टी म्हणजे ‘सा’) तानपुरा ऐकवला आणि ‘सा’ लावायला सांगितले. १४ जणांनी लगेच लावला, १९ जणांनी दोनतीन प्रयत्नांत. ८ जण कुठेही सूर लावला तरी एकाच ठिकाणी बसत.

या आठांना ‘बेसूर’ म्हणून टाळ वाजवायला बसवणे ही जुनी सोय, ती करायची नाही. प्रत्येकाला स्वतःचे नाव लांबवून म्हणायला लावले आणि तो सूर पेटीवर शोधला. बहुतेकांचा काळी ५ ते पांढरी १ च्या आसपास निघाला. काळी ४ च्या हिशेबाने ही जागा रिषभ-गंधाराची. म्हणजे मुलाचा बोलण्याचाच सूर आपल्या ‘सा’च्या वर आहे, आणि आपण त्याला पहिल्याच दिवशी खाली उतरायला सांगतोय.

बदल: सुरुवात ‘सा’पासून नाही, गंधारापासून. ग, मग प, मग ग-रे-सा असे उतरत. आठांसाठी तानपुरा त्यांच्या सुरावर लावायचा. आपला आवाज तानपुऱ्यात विरघळतो म्हणजे काय हे एकदा कानाला कळले, की अर्ध्या सुराने सरकायचे.

५ जुलै, शुक्रवार

पाच वाजता मुले उपाशी असतात. दुपारची खिचडी केव्हाच जिरलेली. रिकाम्या पोटी श्वास धरवत नाही, सव्वापाचला जांभया सुरू. आजपासून वर्गाआधी मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि गुळाचा खडा, माणशी साधारण ३० ग्रॅम. वर पाणी पिऊन पाच मिनिटे थांबायचे, नाहीतर दाण्याचे कण घशात अडकून खोकला चालतो. हे पहिल्या दिवसापासून हवे होते.

१२ जुलै, शुक्रवार

मोठी अडचण ओरडण्याची. परिपाठात ज्याचा आवाज मोठा तो चांगला गातो, अशी समजूत आहे. त्यात शाळेची प्रार्थना काळी १ मध्ये चालते, कारण पेटी वाजवणाऱ्या पुरुषाच्या गळ्याला ते सोयीचे. मुले मात्र त्याच्या वरच्या सप्तकात गातात. तार षड्जाच्या (वरच्या ‘सा’च्या) पुढे गेले की मानेच्या शिरा दिसू लागतात. तीच प्रार्थना काळी ४ मध्ये घेतल्यावर अख्खी ओळ सहज बसली. शाळेला तसे सुचवले आहे.

ओरडणे थांबवायला ‘हळू गा’ म्हणून काही होत नाही, मुले हवा सोडत पुटपुटतात. चाललेला उपाय असा: आठ जणांचे कोंडाळे, मध्ये जमिनीवर फोन, त्यावर तानपुरा, स्पीकर न जोडता. गाताना तानपुरा ऐकू येईनासा झाला की आवाज जास्त झाला. नियम एवढाच. दोन वर्गांत फरक पडला.

१७ तारखेला आषाढी, शाळेची दिंडी आहे. त्या दिवशी ओरडतील. ओरडू द्यावे.

२६ जुलै, शुक्रवार

पत्र्याचे छप्पर. जोराचा पाऊस आला की शेजारच्याचाही आवाज येत नाही. अशा दिवशी गाणे सोडून ताल. दादरा (धा धी ना । धा ती ना) आणि केहरवा (धा गे न ती । न क धी न) आधी तोंडाने, मग टाळीने, मग पायाने मात्रा आणि हाताने टाळी-खाली. कान चालत नसले तरी डोळे चालतात. पावसातच सगळ्यांची लय एकत्र येते, असे दोनदा दिसले. एकमेकांकडे पाहण्यावाचून गत्यंतर नसते म्हणून असेल.

चूक कुठे होते: दादऱ्यात तिसरी मात्रा आखूड. ‘ना’ म्हणून झाला की मुले पुढच्या ‘धा’वर उडी मारतात. ‘धा धी ना’ऐवजी काही दिवस ‘भा क री’ म्हणवून घेतले. ‘री’ तोडता येत नाही, मात्रा भरली.

३ ऑगस्ट, शनिवार

तबल्याला १४ इच्छुक, जोड दोन. सहा फळ्या बनवल्या: १२ बाय १० इंचांची लाकडी फळी, तीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून कडेने चुका. उजव्या बाजूला खडूने दोन वर्तुळे, चाट (तबल्याची कड) कळावी म्हणून. बोटांची ठेवण फळीवर पक्की झाल्याशिवाय तबल्यावर बसायचे नाही.

फळीवर न दिसणारा दोष तबल्यावर दिसतो. अनामिका शाईच्या कडेवर टेकवायची असते, मुले ती दाबतात आणि ‘ना’ मरतो. डग्ग्यावर मनगटाने जोर दिला तर पुडी (वरचे कातडे) मध्ये बसते. काका म्हणतात, मनगटाखाली पोळी आहे समजा, टेकली पाहिजे पण मोडता कामा नये. यापेक्षा चांगले सांगता येणार नाही.

दोन तबल्यांचा प्रश्न वेगळा. एक काळी १ चा, दुसरा काळी २ चा. काळी ४ मध्ये गाताना काळी २ म्हणजे पंचम, ते उत्तम. काळी १ मात्र मध्यम होतो. आपण भूप राग शिकवतोय आणि भूपात मध्यम नाही. साथीला तो सतत टोचतो. गेल्या शनिवारी तो ओढून काळी २ ला नेण्याचा प्रयत्न केला, गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकता ठोकता वादी (पुडी ताणणारी चामड्याची पट्टी) तुटली. एवढ्या तोंडाचा तबला पूर्ण सूर वर ओढायचाच नसतो. वादी बदलून तो पुन्हा काळी १ ला लावला, आता फक्त सरावाला.

१३ ऑगस्ट, मंगळवार

राष्ट्रगीताची तालीम. ठरलेली वेळ ५२ सेकंद, आमचे ६३ झाले. कारण लांब रांग. मागच्या मुलांना पुढचा आवाज उशिरा पोहोचतो, ती मागे राहतात, पुढची त्यांच्यासाठी थांबतात, आणि प्रत्येक ओळीला हे वाढत जाते. रांगेऐवजी तीन अर्धवर्तुळे केली, मध्ये एक मुलगी हाताने मात्रा दाखवते. ५४ सेकंद. सुरुवातीचा सूर देणाऱ्या मुलीने तो शिपाईमामांच्या फोनवरून कानाशी ऐकून घ्यायचा, हवेतून उचलायचा नाही.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

तांड्यावर तीजेचे दिवस, तिथल्या मुली वर्गाला तीन दिवस नव्हत्या. आज आल्यावर गोरबोलीतली (बंजारा बोलीतली) दोन गाणी त्यांच्याकडून घेतली. दोन्ही चार-पाच सुरांत फिरतात आणि गंधाराच्या आसपासच राहतात, म्हणजे जुलैत आपण जी जागा शोधत होतो तीच. बाकीच्यांना ही गाणी त्या मुलींनीच शिकवली. आठ एकसुरींपैकी तिघांना पहिल्यांदा अख्खी ओळ सुरात म्हणता आली. पुढच्या वर्षी सुरुवात अलंकारांनी नाही, या गाण्यांनी.

३० ऑगस्ट, शुक्रवार

पावसाळ्याचे दुखणे. तबले उतरलेले, रोज दहा मिनिटे लावण्यात जातात. कातडे दमट हवेत पाणी धरते आणि सैलावते. पत्र्याच्या पेटीत विजेचा ४० वॅटचा दिवा लावून ठेवावा तर संध्याकाळी वीज नसते. चुलीजवळ शेकणे बंद केले आहे, एकदम सुकले की शाईला भेगा जातात. आता तबला सुती कपड्यात, वर वर्तमानपत्राचे तीन थर, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या. त्या दर शनिवारी उन्हात.

लावण्याचा क्रम फळ्यावर लिहून ठेवला. आधी गठ्ठे: आठही, समोरासमोरच्या जोडीने, खाली ठोकले की सूर चढतो. मग गजऱ्याच्या (पुडीच्या कडेच्या वेणीच्या) सोळा घरांवर बारीक काम, वरून ठोका चढवतो, खालून उतरवतो. एकाच बाजूला ठोकत बसले की पुडी तिरकी ओढली जाते आणि प्रत्येक घर वेगळे बोलते.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, सकाळी ध्वजवंदन. आज अनंत चतुर्दशीही, संध्याकाळी वर्ग नाही. ध्वजवंदनाला राष्ट्रगीत ५३ सेकंद.

२४ सप्टेंबर, मंगळवार

गायनाच्या दोन शिक्षकांनी दोन स्वरलेखने वापरली आणि घोळ झाला. भातखंडे पद्धतीत सुराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुस्कर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकाला उभी रेघ. एका वहीतला ‘सा’ मुलांनी घरी दोन सप्तके इकडेतिकडे म्हटला. यापुढे सगळीकडे भातखंडे, आणि प्रत्येक पानाच्या वर मंद्र-मध्य-तार असा नमुना. खरे तर चौथीच्या मुलांना लेखनाची गरजच नाही. ती सहावी-सातवीपुरती ठेवली.

पेटीच्या गटासाठी उपयोगी गोष्ट: काळी ३ ला ‘सा’ धरला तर अख्खा भूप काळ्या पट्ट्यांवर येतो, काळी १ ला धरला तर दुर्गा राग. पांढऱ्यांना हात न लावता सुरावट वाजते, म्हणून बोटे लवकर सुटतात. तोटा असा की मुले वाजवता वाजवता गाऊ लागतात, आणि काळी ३ त्यांच्या गळ्याला खोल पडते. वाजवायला काळी ३, गायला काळी ४, दोन्ही एकाच वेळी नाही.

गाण्याला पेटी फक्त सूर दाखवण्यापुरती. पेटीचा गंधार तानपुऱ्याशी ताडून पाहिला तर थोडा चढा लागतो, समान अंतराच्या सुरांचा तो दोष आहे. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, तेव्हाच्या आक्षेपांत हाही होता. आपल्याला बंदी घालायची नाही, पण मुलांचा कान तानपुऱ्यावरच तयार व्हायला हवा. आमची जुनी पेटी मुळात थोडी उतरलेली आहे. म्हणून अ‍ॅपमधला तानपुरा बारीक सरकवून पेटीला जुळवायचा, उलट करता येत नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

उचल (ऊसतोडीसाठी आगाऊ पैसे) घेतलेल्या घरांची यादी मुलांकडूनच कळते. २२ जण जाणार. राहणारे १९: काही आजी-आजोबांकडे, काही हंगामी वसतिगृहाच्या सोयीवर.

जाणाऱ्यांसाठी शेवटचे चार वर्ग वेगळे. नवीन काही नाही. प्रत्येकाने पाच गोष्टी एकट्याने म्हणून दाखवायच्या: तानपुऱ्यात सा-ग-प-सां लावणे, भूपाचे तीन अलंकार, भूपातले सरगमगीत, दोन गाणी (एक मराठी, एक गोरबोलीतले), दादरा आणि केहरवा टाळी-खालीसह. गटात म्हणणारे मूल एकटे पडले की अडते. हे आत्ता कळलेले बरे.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

२२ पैकी १७ जणांचे पाचही झाले. दोघांचा केहरवा कच्चा, तिघांचा तार षड्ज लागत नाही. लागत नाही तर नाही, त्यांना सा-ग-प पुरे.

पालकांच्या फोनमध्ये ब्लूटूथने दोन फाइली टाकल्या: काळी ४ चा तानपुरा ३० मिनिटे, आणि पाच गोष्टींचे ध्वनिमुद्रण ११ मिनिटे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे टाळले. डेटा संपलेला असतो आणि फोन बदलला की फाइल जाते. साध्या बटणांच्या फोनवाल्यांसाठी मेमरी कार्डे सहा. प्रत्येक टोळीत किमान दोन मुले वर्गातली आहेत ना, हे यादीत पाहून घेतले. एकटे मूल गात नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

मागचा आठवडा वर्ग नाही, २० तारखेला विधानसभेचे मतदान, शाळा मतदान केंद्र. परतल्यावर तबल्याची एक पुडी उंदराने कुरतडलेली. शाईत पिठाची खळ असते, वर कातडे, उंदराला दोन्ही आवडते. केंद्राच्या तयारीत पत्र्याची पेटी वऱ्हांड्यात हलवली गेली आणि झाकण उघडे राहिले. यापुढे सुट्टीच्या आधी तबले काकांच्या घरी.

सूर्य पावणेसहाला मावळतो. तांड्यावरच्या मुलींना अंधारात चालावे लागते, म्हणून वेळ बदलली: मंगळवार आणि शुक्रवार, शाळा भरण्याआधी ९ ते १०. सकाळी गळा जड असतो, पहिली दहा मिनिटे फक्त मिटल्या ओठांनी गुणगुणणे.

१० डिसेंबर, मंगळवार

कारखान्यावरच्या मुलांशी फोनवरून वर्ग घेण्याचा प्रयत्न, तीन टोळ्या. दोन गोष्टी चुकल्या. आपल्या बाजूला तानपुरा लावला तर तो पलीकडे पोहोचतच नाही, एकसारखा चालणारा नाद फोन गोंगाट समजून गाळतो. आणि एकत्र गाता येत नाही. आवाज थोड्या उशिराने पोहोचतो, दोघेही एकमेकांसाठी थांबत लय मारतात.

सुधारलेली रीत: तानपुरा त्यांच्याकडच्या दुसऱ्या फोनवर. आपण एक ओळ म्हणून थांबायचे, त्यांनी ती म्हणायची. दहा मिनिटे, रविवारी रात्री आठनंतर. त्याआधी मुले पाणी आणि लहान भावंडांत गुंतलेली असतात. फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज होतो, ट्रॅक्टर वाहतुकीला गेला की त्या रविवारी वर्ग नाही. धरून चालायचे की महिन्यात दोनच होतील.

२४ जानेवारी २०२५, शुक्रवार

राहिलेल्या १९ जणांबरोबर दुर्गा. मध्यम नवा, भूपाची सवय झालेली मुले तो टाळून गंधारावर जातात. ‘रे म प’ हा तुकडाच शंभरदा. सरगम म्हणताना येते, आकारात (नुसत्या ‘आ’ने गाताना) पुन्हा गंधार. नावाचा आधार सुटला की कान जुन्या वाटेला लागतो.

सातवीतल्या एका मुलाचा आवाज फुटू लागला आहे. वर ओढायचे नाही. त्याला खालच्या सप्तकात, तेही मोजकेच, आणि बाकी वेळ तबल्याला. वर्गात हसतील म्हणून आवाज का बदलतो हे सगळ्यांना एकदमच सांगून टाकले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रविवारचे फोन: दहा आठवड्यांत तीन टोळ्यांचे मिळून ११ वर्ग झाले. एका टोळीने कारखाना बदलला, संपर्क नाही. दुसऱ्या टोळीतल्या मुली वर्गात नसलेल्या चौघांना दादरा शिकवून मोकळ्या. ती मुले दुसऱ्या जिल्ह्यातली.

११ एप्रिल, शुक्रवार

परतलेले १५. जुलैचीच चाचणी पुन्हा घेतली, तानपुरा काळी ४. ‘सा’ लगेच लावणारे ९, दोन प्रयत्नांत ५, एक जण अजून आपल्याच सुरावर. भूपाचे अलंकार १२ जणांना पूर्ण आठवतात. सरगमगीत फक्त ६ जणांना. दोन्ही गाणी सगळ्यांना, गोरबोलीतल्यात तर एक कडवे वाढलेले आहे, ते टिपून घेतले. दादरा पक्का, केहरवा जवळजवळ सगळ्यांचा घसरून भजनी ठेक्यासारखा झालेला.

म्हणजे सरगमगीत सुटले, गाणे राहिले. येत्या वर्षी सतरा आठवड्यांतून सरगमगीत काढून तिथे आणखी दोन गाणी, भूपाच्या सुरांतलीच. मेमरी कार्डे सहापैकी चार परत आली, एकावर लग्नाची गाणी भरली आहेत. तानपुऱ्याची फाइल त्यावर तशीच होती.

उन्हाळ्याचे काम: कुरतडलेली पुडी बदलणे, काळी २ चा आणखी एक तबला पाहणे, पेटीच्या भात्याची डावी पट्टी. तबल्यांवर ओलसर कापड ठेवायचे नाही, कोणी सांगितले तरी. उन्हातून दूर, मातीच्या भिंतीच्या खोलीत, काकांच्या घरी.